पाव करमुक्त, पण भट्टी बदलायची तर 18 टक्के : छोट्या बेकऱ्यांना सरकारने हात द्यावा का?

जमाखर्च

गेली बावीस वर्षं मी छोट्या दुकानदारांची खाती लिहितो. त्यात मध्य मुंबईतल्या तीन बेकऱ्या आहेत, तिन्ही लाकडाच्या भट्टीवर चालणाऱ्या. हवेच्या प्रदूषणाबद्दल स्वतःहून दाखल करून घेतलेल्या याचिकेत मुंबई उच्च न्यायालयाने 9 जानेवारी 2025 रोजी आदेश दिला की लाकूड-कोळसा जाळणाऱ्या बेकऱ्या आणि खाद्यगृहांनी सहा महिन्यांत गॅस किंवा विजेसारख्या स्वच्छ इंधनावर यावं. फेब्रुवारीत पालिकेच्या नोटिसा आल्या. 8 जुलैला मुदत संपली. माझ्या तिघांपैकी एकाने भट्टी बदलली, एकाने शटर ओढलं, तिसरा अजून कागद गोळा करतोय.

धुराची बाजू मला घ्यायची नाही. आदेश योग्यच आहे. माझं म्हणणं खर्चाबद्दल आहे, आणि ते वहीतले आकडे समोर ठेवून मांडतो.

ज्याने बदल केला त्याला गॅसवरच्या रॅक ओव्हनचं कोटेशन 9 लाखांचं आलं. वर 18 टक्के जीएसटी, म्हणजे 1 लाख 62 हजार. आता पावावर जीएसटी शून्य आहे. ऐकायला छान वाटतं, पण करमुक्त माल बनवणाऱ्याला यंत्रावर भरलेला कर वळता करून घेता येत नाही. कारखानदार नवं यंत्र घेतो तेव्हा तो कर त्याच्या विक्रीवरच्या करातून वजा होतो. पाववाल्याचा मात्र तो सरळ खर्चात जातो. खारी-टोस्ट विकणारे बरेच जण कंपोझिशनमध्ये, म्हणजे उलाढालीवर ठरावीक कमी दराने कर भरण्याच्या योजनेत असतात, तिथेही वजावट नाही. आणि जळाऊ लाकूड? त्यावर कर शून्य. ज्या बदलाचा हुकूम निघालाय त्यावर 18 टक्के, आणि जे सोडायला सांगितलंय त्यावर काहीच नाही.

रोजच्या इंधनाचंही सांगतो, कारण तिथे माझा अंदाज चुकला होता. हा माणूस रोज साधारण 200 किलो लाकूड जाळायचा, दहा रुपये किलोने दोन हजार. नव्या ओव्हनला सव्वा सिलिंडर लागतो, 2025 च्या भावाने तेही दोन हजारांच्या आसपासच. म्हणजे ओंडके विकत घेणाऱ्याला रोजचा खर्च फारसा वाढत नाही. मार बसतो तो सुरुवातीच्या रकमेचा.

म्हणून माझी मागणी एवढीच : इंधन बदलणाऱ्या छोट्या बेकरीला ओव्हनवरचा कर परत करा, आणि गॅसची जोडणी दारात आल्यावरच मुदत मोजा. आपापली मतं मांडा.

गच्चीवरून

मी बेकरीच्या वर तिसऱ्या मजल्यावर राहते. लग्न होऊन आले तेव्हापासून पहाटे तीनला खिडक्या लावून घ्यायच्या हे घरात ठरलेलं. गच्चीवर वाळत घातलेल्या चादरींवर काजळीचे ठिपके पडतात. मुलगा आठ वर्षांचा आहे आणि हिवाळ्यात नेब्युलायझर कपाटात ठेवायची वेळ येत नाही.

दादा, तुम्ही ओंडक्यांचा दर लावलात. आमच्या खालची भट्टी ओंडक्यांवर चालतच नाही. तोडलेली फर्निचरं, रंग दिलेले दरवाजे, प्लायवूडचे तुकडे, सगळं टेम्पोने येतं. ते निम्म्या भावात मिळतं म्हणून जाळतात. त्यातला डिंक आणि रंग जळतो तो वास एकदा माझ्या स्वयंपाकघरात उभं राहून घ्या. इतकी वर्षं जे पैसे वाचले, ते आमच्या औषधांच्या बिलातून वाचले. आता बंद करा म्हटल्यावर पुन्हा आमच्याच करातून त्यांना पैसे द्यायचे? मला हे पटत नाही, आणि पटणारही नाही.

जमाखर्च

ताई, भंगार लाकडाबद्दल तुमचं बरोबर आहे. बंद पडलेली बेकरी त्यावरच चालायची. तिचा इंधनखर्च खरोखर दुप्पट झाला असता, आणि तो तोटा भरून द्या असं मी म्हणणार नाही.

पण एक विचारतो. 1 मे 2016 ला उज्ज्वला योजना सुरू झाली ती चुलीचा धूर घरातून जावा म्हणूनच. तेव्हा सरकारने जोडणीमागे 1600 रुपये दिले. इतकी वर्षं फुकटचा काटक्या-कुटक्यांचा स्वयंपाक केलात, आता शेगडी स्वखर्चाने घ्या, असं आपण त्या बायांना म्हटलं नाही.

गच्चीवरून

त्या बायका स्वतःच तो धूर पीत होत्या. इथे धूर आम्ही पितो आणि गल्ला दुसऱ्याचा भरतो. दोन्हींची तुलना करू नका.

शाखाधिकारी_निवृत्त

बँकेत चौतीस वर्षं काढली, त्यातली अकरा छोट्या उद्योगांच्या कर्जांवर. सरकार काही देत नाही हा सूर मला मान्य नाही. सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योगांची केंद्राची योजना 2020 मध्ये आली. प्रकल्पखर्चाच्या 35 टक्के, कमाल 10 लाख अनुदान. बेकरी हा अन्नप्रक्रियेचाच धंदा. नऊ लाखांच्या ओव्हनवर तीन लाख पंधरा हजार होतात, तुमच्या जीएसटीच्या जवळपास दुप्पट! मुद्रा कर्जाची मर्यादा 2024 मध्ये 20 लाखांपर्यंत गेली. छोटा उद्योग म्हणून सरकारकडे करायच्या उद्यम नोंदणीला पैसा लागत नाही.

अडतं कुठे ते मी सांगतो. बेकरीवाला समोर बसतो, रोजची विक्री पंधरा हजार सांगतो, आणि विवरणपत्रात वर्षाचं उत्पन्न अडीच लाख असतं. कर्ज कशाच्या आधारावर द्यायचं? कर चुकवायचा तेव्हा धंदा लहान आणि मदत मागायची तेव्हा मोठा, असं चालत नाही. सवलत वाढवण्याआधी या लोकांना खाती नीट ठेवायला लावा. हे काम तुमचं आहे, जमाखर्च साहेब.

जमाखर्च

साहेब, शेवटचं वाक्य लागलं, आणि लागायलाच हवं होतं. तिसऱ्या बेकरीची 2021 पर्यंतची खाती खरंच कच्ची होती.

पण योजनेचं पुढचं पान तुम्हीही पाहिलं असेल. ते अनुदान हातात येत नाही. कर्जखात्यात बाजूला राहतं आणि तीन वर्षं हप्ते नीट भरले, धंदा चालू राहिला, तर कर्जात वळतं होतं. शिवाय स्वतःचे किमान 10 टक्के आधी घालायचे. ते योग्यही असेल, कारण त्यामुळे बनवेगिरी थांबते. पण सहा महिन्यांच्या मुदतीसाठी ही योजना बनलेली नाही.

दुसरं म्हणजे जागा. माझ्या तिन्ही बेकऱ्या पगडीच्या, म्हणजे पिढ्यान्‌पिढ्यांच्या जुन्या भाड्याच्या जागेत. भाडेपावती अजून आजोबांच्या नावावर, मालकाला इमारत पाडून टॉवर बांधायचाय, तो गॅसच्या पाइपला ना हरकत देत नाही. पाइप नाही तर सिलिंडर, पण 100 किलोच्या वर गॅस साठवायला स्फोटक विभागाचा परवाना लागतो. एकोणीस किलोचे पाच सिलिंडर म्हणजे 95 किलो, तिथेच थांबायचं. शिवाय अग्निशमनाचा दाखला. आणि पाइपसाठी रस्ता खोदायचा तर पावसाळ्यात खोदकाम बंद. मुदत 8 जुलैची, म्हणजे खऱ्या अर्थाने ती मेमध्येच संपली होती. यातल्या कुठल्या गोष्टीवर बेकरीवाल्याचा हात चालतो ते सांगा.

कांचनगरी

मी नोकरीसाठी सहा वर्षं फिरोजाबादला होतो, काचेच्या कारखान्यांना रसायनं पुरवणाऱ्या कंपनीत. 30 डिसेंबर 1996 ला सर्वोच्च न्यायालयाने ताजमहालाभोवतीच्या पट्ट्यात कोळसा बंद केला. बांगड्यांच्या भट्ट्या शेकडो वर्षांच्या, सगळ्या कोळशावर. पण तिथे नुसती नोटीस आली नाही, गॅसची वाहिनीही आली आणि काच कारखान्यांना सरकारी नियंत्रित दराने गॅस मिळाला. म्हणून तो धंदा आजही उभा आहे.

मात्र दुसरी बाजूही तिथेच पाहिली. ज्याच्याकडे स्वस्त गॅसचा कोटा, तो राजा. नवा माणूस त्या धंद्यात शिरूच शकत नाही, आणि सवलत एकदा सुरू झाली की ती काढायचं नाव कुणी घेत नाही. म्हणून इंधनाच्या दरात सवलत देऊ नये असं माझं ठाम मत आहे. एकदाच, यंत्रापुरतं द्यावं आणि विषय संपवावा.

मांडवीकाठ

पणजीहून लिहितेय. आमच्या पोदेरांकडे, म्हणजे पाववाल्यांकडे, अजून लाकडाची भट्टी असते आणि पोई नावाचा पाव सायकलवरून दारात येतो. मुंबईचा आदेश इथे लागू नाही, पण तुमचा धागा वाचताना पोटात गोळा आला. इथे पोदेराची पुढची पिढी भट्टीपाशी उभी राहायला तयार नाही, बऱ्याच भट्ट्या चालवायला दिल्यात. त्यात उद्या दहा लाखांचा खर्च आला तर उरलेलेही सोडतील.

भट्टीची चव वेगळी हे खरंच, पण चवीसाठी कुणाच्या मुलाने खोकावं असं मी म्हणणार नाही. गच्चीवरून ताईंना हे मुद्दाम सांगते.

भट्टीवाल्याचा_मुलगा

शेजाऱ्यांचं झालं, मालकांचं झालं. भट्टीसमोर जो उभा असतो त्याचं कुणी बोललंच नाही म्हणून लिहितोय.

माझे वडील एकोणतीस वर्षं परळच्या एका बेकरीत भट्टीवर होते. संध्याकाळी मैदा मळायचा, रात्री भट्टी पेटवायची, विटा तापल्या की निखारे बाजूला ओढून ओल्या पोत्याने तळ पुसायचा आणि लांब फळीने लाद्या आत सारायच्या. झोपायचं भट्टीवरच्याच माळ्यावर. उन्हाळ्यात त्या माळ्यावर हात टेकवत नसे. सत्तावन्नाव्या वर्षी त्यांना जिना चढवेना. डॉक्टरांनी विचारलं, विडी किती वर्षं ओढता? त्यांनी आयुष्यात विडी ओढली नव्हती.

त्यामुळे भट्टी जाते याचं मला दुःख नाही. उशिरा गेली याचं आहे. पण रॅक ओव्हन आला की सात माणसांचं काम चार जण करतात, आणि बंद पडलेल्या बेकरीतल्या माणसांना ना नोटीस मिळते ना हिशेब. जमाखर्च काका, तुमच्या बंद झालेल्या बेकरीतल्या कामगारांना काय मिळालं? सरकारी पैसा द्यायचाच असेल तर आधी हजेरीपट बघा. ज्याच्याकडे हजेरीपटच नाही त्याला रुपया देऊ नका.

स्वखर्चाने

इथे मी सर्वांत वेगळं बोलणार आहे. उपनगरात माझी बेकरी आहे. 2022 मध्येच मी गॅसवर गेलो, कुणी सांगितलं नव्हतं. पत्नीचे दागिने ठेवून पैसे उभे केले, पुरा कर भरला. दीड वर्ष शेजारचा लाकूडवाला माझ्यापेक्षा लादीमागे स्वस्त देत होता, दोन वडापाववाले माझ्याकडून तुटून त्याच्याकडे गेले. आता त्याला सरकार कर परत देणार? मग मी आधी केलं ही माझी चूक झाली का? जो शेवटपर्यंत थांबतो त्यालाच मदत मिळणार असेल तर पुढच्या वेळी कुणीही स्वतःहून काही करणार नाही.

शाखाधिकारी_निवृत्त

अगदी योग्य. कर्जमाफीच्या वेळी नियमित हप्ते भरणाऱ्यांनी माझ्या टेबलासमोर हाच प्रश्न विचारला होता, आणि माझ्याकडे उत्तर नव्हतं.

जमाखर्च

स्वखर्चाने साहेब, तुमचा प्रतिसाद वाचून मी दोन दिवस काही लिहिलं नाही. माझ्या मागणीत भोक होतं, ते तुम्ही दाखवलंत.

मागणी बदलतो. कर परतावा द्यायचा तर गॅस किंवा विजेचा ओव्हन बसवलेल्या प्रत्येक छोट्या बेकरीला द्यावा, बिलाची तारीख 2022 ची असली तरी. ओव्हनचं बिल आणि जोडणीचा कागद तुमच्याकडे आहेच. पैसे राज्याच्या वाट्याचे, म्हणजे 18 पैकी 9 टक्के. नऊ लाखांवर 81 हजार. केंद्राच्या वाट्यासाठी जीएसटी परिषदेपर्यंत जावं लागेल, पण राज्याचा वाटा राज्य परत देऊ शकतं. सामूहिक प्रोत्साहन योजना 2019 खाली मोठ्या प्रकल्पांना राज्य आपल्या करातून परतावा देतंच. 1 एप्रिल 2022 पासून नैसर्गिक वायूवरचा व्हॅटही राज्याने साडेतेरावरून 3 टक्क्यांवर आणला. म्हणजे मनात असलं की वाट निघते.

भट्टीवाल्याच्या मुला, तुझ्या प्रश्नाचं उत्तर द्यायला जड जातंय. बंद झालेल्या बेकरीत सहा जण होते. दोघांना मालकाने महिन्याचा पगार दिला, चौघांना काहीच नाही. ते माझ्या वहीत नव्हतेच, आणि वही मी लिहीत होतो. सरकारकडे ही मागणी करायच्या अर्जात हजेरीपटाची अट घालतो.

गच्चीवरून

माझी अट पण घाला. जुनी भट्टी विटेविटेने फोडल्याचा फोटो आणि वॉर्डाच्या माणसाची सही आल्याशिवाय पैसे नाहीत. आमच्याकडे नोटीस आल्यावर दोन महिने दिवसा गॅस आणि रात्री लाकूड असं चाललं होतं.

आणि मुदतवाढीला माझा विरोध कायम आहे. जोडणी आल्यावरच मुदत मोजा म्हणालात, तर जोडणी येणारच नाही याची काळजी घेणारे निघतील. जोडणीचा अर्ज ज्या तारखेला केला ती तारीख बघा. ज्याने फेब्रुवारीत अर्ज केला आणि खोदकामासाठी अडकला त्याला वेळ द्या. ज्याने जुलैत केला त्याला नाही.

81 हजारांना हो म्हणते. मनापासून नाही, पण भट्टी फुटणार असेल तर हो.

जमाखर्च

अर्जाच्या तारखेचा मुद्दा घेतला, तो माझ्यापेक्षा चांगला आहे. तिसऱ्या बेकरीचा जोडणीचा अर्ज 3 मार्चचा आहे, म्हणजे तुमच्या कसोटीला तो उतरतो.

आपल्या मागणीच्या अर्जाचा मसुदा आज रात्री इथेच टाकतो. स्वखर्चाने साहेब, तुमच्या बिलाची प्रत द्याल का? नाव-पत्ता झाकून चालेल.

स्वखर्चाने

देतो. उद्या दुकानावरून स्कॅन करून पाठवतो.

भट्टीवाल्याचा_मुलगा

तिसऱ्या बेकरीत आता किती माणसं आहेत?

जमाखर्च

सात होते. दोघं गणपतीला गावी गेले ते परत आले नाहीत. पाच जणांची नावं काल हजेरीपटावर चढवली.