'पुट अप विथ': मुक्काम की सोसणे?

अनुवादक, रावपुरा, बडोदे
आमच्या घरातील जुन्या इंग्रजी पत्रांचा मी सध्या मराठी अनुवाद करीत आहे. बडोदा संस्थानच्या नोकरीत रुजू झाल्यावर आजोबांनी एका मित्राला लिहिलेल्या पत्रात 'आय पुट अप विथ माय कझिन ड्युअरिंग द रेन्स' असे वाक्य आहे. मी ते 'पावसाळाभर मी चुलतभावाकडे उतरलो होतो' असे मराठीत आणले. घरातील तरुण पिढीने त्यास हरकत घेतली. त्यांच्या मते 'पुट अप विथ' म्हणजे सोसणे, दुसरा अर्थ नाही, आणि म्हणून वाक्य 'पावसाळाभर मी चुलतभावाला सोसले' असेच व्हायला हवे. ज्या नातेवाइकाने अडचणीच्या वेळी घरात जागा दिली, तो एका शब्दाने त्रासदायक माणूस ठरतो, म्हणून हा प्रश्न मला महत्त्वाचा वाटतो. पुढची ओळ जेवणात रोज बाजरीची भाकरी असे एवढेच सांगते, आणि ती दोन्ही अर्थांना जुळते. जाणकारांनी कृपया मत द्यावे.

निवृत्त प्राध्यापक (इंग्रजी), फतेगंज
दोन्ही अर्थ इंग्रजीत आहेत आणि दोन्ही जुने आहेत. 'पुट अप' म्हणजे मुक्काम करणे. ठिकाण सांगायचे तर पुढे 'ॲट' येतो, माणूस सांगायचा तर 'विथ'. आपल्याकडच्या इंग्रजीत 'व्हेअर आर यू पुटिंग अप?' हा प्रश्न अजूनही ऐकू येतो. सोसण्याच्या अर्थी मात्र तिन्ही शब्द एकजीव झालेले असतात आणि 'विथ' बाजूला काढला की अर्थच उरत नाही. मुक्कामाच्या अर्थी 'विथ हूम डिड यू पुट अप?' हे वाक्य सहज उभे राहते. सोसण्याच्या अर्थी ते अवघडते. 'अप विथ व्हिच आय विल नॉट पुट' ('जे मी सोसणार नाही' हे मुद्दाम वाकडे केलेले वाक्य) हा प्रसिद्ध किस्सा याच अवघडलेपणावर उभा आहे. तो चर्चिल यांच्या नावावर खपवला जातो, परंतु त्यास विश्वसनीय पुरावा नाही. 1942 मध्ये तो एका सरकारी खात्यातील टिपणाची गोष्ट म्हणून, कोणाचेही नाव न घेता छापलेला आढळतो. आपल्या पत्रात मला मुक्कामाचा अर्थ अधिक संभवनीय वाटतो.

वकील, दांडिया बाजार
सरांच्या विवेचनाला एक जोड देतो, कारण सोसण्याचा अर्थ आला कुठून हे कळल्याशिवाय प्रतिशब्द नेमका सापडणार नाही. 1611 च्या इंग्रजी बायबलमध्ये, योहानाच्या शुभवर्तमानात, येशू पेत्राला तलवार म्यानात घालण्यास सांगतो, आणि तेथे क्रियापद 'पुट अप' हेच आहे. शेक्सपिअरच्या 'टायटस अँड्रॉनिकस'मध्ये सूड न घेता अपमान मुकाट्याने 'पुट अप' करण्याची गोष्ट येते; तेथे 'विथ' नाही. माझी धारणा अशी की आधी तलवार म्यान झाली, मग तिच्याबरोबर राग म्यान झाला, आणि 'विथ' मागाहून येऊन चिकटला. म्हणून मराठीत 'राग म्यान करणे' हा प्रयोग मूळ प्रतिमेला सर्वांत जवळचा आहे.

निवृत्त प्राध्यापक (इंग्रजी), फतेगंज
प्रतिमा सुंदर आहे, परंतु आजचा इंग्रज हा प्रयोग करताना तलवार पाहत नाही. प्रतिशब्द वापरावरून ठरतो, व्युत्पत्तीवरून नव्हे. शेजाऱ्यांच्या गोंगाटाला कोणी 'राग म्यान केला' म्हणणार नाही.

गृहिणी, माहेर पुणे, सासर अलकापुरी
मराठीत या एका प्रयोगासाठी निदान चार क्रियापदे लागतात आणि त्यांची अदलाबदल होत नाही. 'सोसणे' हे दुःखाचे, दारिद्र्याचे, सासुरवासाचे आहे. ज्याला दुसरा मार्ग नाही तो सोसतो. 'खपवून घेणे' याच्या अगदी उलट आहे, कारण ज्याच्या हाती थांबवण्याचा अधिकार आहे तोच खपवून घेतो किंवा घेत नाही. म्हणून 'हा प्रकार खपवून घेतला जाणार नाही' हे वाक्य मंत्री आणि मुख्याध्यापक बोलतात, मोलकरीण बोलत नाही. 'ऐकून घेणे' फक्त बोलण्यापुरते. आणि 'चालवून घेणे' हे उण्या वस्तूंचे: तूप नसले तर तेलावर चालवून घ्यायचे. इंग्रजीला या चौघांत भेद करण्याची गरज वाटत नाही, आपल्याला वाटते. कोण सोसतो आणि कोण खपवून घेतो हे आपल्या भाषेत क्रियापदच सांगून टाकते, आणि अनुवाद करताना मला हीच गोष्ट सर्वांत मोलाची वाटते.

संस्कृत शिक्षक, वाडी
ताईंचे वर्गीकरण मला पटते, परंतु 'चालवून घेणे' त्यात बसत नाही. तो गुजरातीच्या 'चलावी लेवुं' याचा सरळ उतारा आहे, आणि आपण बडोदेकर पिढ्यान्‌पिढ्या दोन भाषांमध्ये राहिल्यामुळे तो आपल्याला मराठी वाटतो. आपल्याकडे 'तितिक्षा', म्हणजे सुखदुःख शांतपणे सहन करणे, यासारखा अर्थगर्भ शब्द आहे. ज्या नगरीत 1931 मध्ये 'श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरु' सिद्ध झाला आणि कारभारातील इंग्रजी शब्दांना मराठी, गुजराती, संस्कृतसह अनेक भाषांतील प्रतिशब्द दिले गेले, त्या नगरीने उसन्या क्रियापदांवर समाधान मानू नये.

गृहिणी, अलकापुरी
गुरुजी, 'चालवून घेणे' मी माहेराहून आणले आहे, आणि माझ्या आजोळी, कोकणात, तर गुजरातीचा वाराही लागलेला नव्हता. 'चालेल का?' आणि 'चालेल' हे तर सगळा महाराष्ट्र बोलतो. 'तितिक्षा' गीतेच्या निरूपणात शोभते. नळाला पाणी कमी येते तेव्हा कोणी तितिक्षा करीत नाही.

अनुवादक, रावपुरा
सर्वांचा आभारी आहे. 'चुलतभावाकडे उतरलो' हेच ठेवावे का, एवढे कृपया सांगावे. 'कझिन' चुलत, मावस, मामे की आते, हाही प्रश्न आहेच.

वकील, दांडिया बाजार
'खपणे' या क्रियापदाकडेही पाहावे. आपल्याकडे माल खपतो, माणूस कामात खपतो, आणि 'खपला' म्हणजे मेलाही. गुजरातीत 'न खपे' म्हणजे वर्ज्य; आमचे जैन शेजारी कांदा-लसणाला 'अमने न खपे' म्हणतात. म्हणजे पंक्तीत चालणे-न चालणे हा अर्थ तेथे उघड दिसतो, आणि माझ्या मते 'खपवून घेणे' त्याच मुळातून आले. तेव्हा उसने म्हणायचे तर गुरुजींनी हेही उसने म्हणावे.

संस्कृत शिक्षक, वाडी
तसे नाही. दोन सख्ख्या भाषांना एकाच घरातून शब्द मिळाला तर त्यास उसनवारी म्हणत नाहीत. 'खपणे' दोघींचे आहे. 'चालवून घेणे' मात्र या रूपात जुन्या मराठी लेखनात मला आढळलेले नाही. कोणास आढळले असल्यास उतारा द्यावा.

गृहिणी, अलकापुरी
लेखनात नसले म्हणजे भाषेत नव्हते असे होत नाही. स्वयंपाकघरातील क्रियापदे बखरकारांनी कधी टिपली? माझी आजी सही करण्यापुरते लिहीत असे, आणि साखर नसली की गुळावर 'चालवून घ्या' म्हणत असे. तिचे बोलणे मला बखरीइतकेच प्रमाण आहे.

निवृत्त प्राध्यापक (इंग्रजी), फतेगंज
बोलीतील पुरावा मीही ग्राह्य मानतो, पण मग तो दोन्ही बाजूंनी मागायला हवा. गुजरातीत 'चलावी लेवुं' किती जुने आहे, हे गुरुजींनी आधी दाखवावे.