सामन्यानंतर पोरांना वही कशाला?

पार्कातला प्रशिक्षक: काल इथे कुणीतरी लिहिलं, 'स्वतःच्या खेळावर वहीत लिहिणं हे फॅड आहे, त्यापेक्षा पोरांना शंभर चेंडू जास्त खेळू द्या.' डोकंच फिरलं. चुकीचा फटका शंभरदा घोटला तर तोच पक्का होणार ना? २००४ ची सिडनी कसोटी आठवा. त्या मालिकेत ऑफस्टंपबाहेर बाद होत होता म्हणून सचिनने कव्हर ड्राइव्ह हा फटकाच बंद केला आणि नाबाद २४१ केल्या. मी मुलांना दोनच प्रश्न देतो: बाद झालास त्याआधी डोक्यात काय चाललं होतं? पुढच्या वेळी काय करशील? आमच्या विकेटकीपर मुलीने लिहिलं, 'फिरकीला मी चेंडू टप्पा पडायच्या आधीच उठते.' मी हे घसा फोडून सांगत होतो. स्वतः लिहिलं आणि पुढच्या सरावाला खाली बसून राहिली.

मैदानकरी: सचिन तेव्हा तीस वर्षांचा होता हो! लहानपणी त्याचे कोच आचरेकर सर स्टंपवर रुपयाचं नाणं ठेवायचे, बाद झाला नाहीस तर नाणं तुझं. कुठे होती वही? विरार लोकलमध्ये किटबॅग सांभाळत पोर रात्री घरी पोचतं, त्यात गृहपाठ, वर तुमचं लिखाण.

गोलंदाजाची आई: वहीचं नंतर बघू, आधी बापांना आवरा. आझाद मैदानावर सीमारेषेवर मोबाइल धरून उभे, मग चर्चगेट ते बोरिवली तेच व्हिडिओ दाखवून पोराची चिरफाड. चेंडू वाइड पडला की माझा मुलगा कॅप्टनकडे नाही, बापाकडे बघतो.

एक बाप: फी आम्ही भरायची, रजा आम्ही टाकायची, आणि बोलायचंही नाही? संघात नाव नाही लागलं की रात्रभर रडणाऱ्या पोराजवळ कोण बसतं? कोच बसतात?

गोलंदाजाची आई: जवळ बसा की! तेव्हा बॅकफूट कुठे पडला ते शिकवू नका, एवढंच म्हणतेय.

एक बाप: तुमच्या घरचं आमच्यावर ढकलू नका.

पार्कातला प्रशिक्षक: ताई, म्हणूनच वही माझ्या बॅगेत राहते. सामन्याच्या दिवशी लिहायचं नाही, राग-रडू ओसरू द्यायचं. पुढच्या सरावाआधी पाच मिनिटं.

मैदानकरी: हे आधी सांगायचं ना. घरी न्यायची नसेल तर ठीक आहे, लिहा. पण ज्याला लिहायचा कंटाळा आहे त्याला तोंडी सांगू दे. आणि चेंडू एकही कमी करायचा नाही.

पार्कातला प्रशिक्षक: तोंडी चालेल. चेंडू तेवढेच.

एक बाप: माझ्या मुलाची वही मला दाखवणार नाही, हे मला अजिबात मान्य नाही.