जुन्या जीपचा गंजलेला पत्रा बदलताना वेल्डिंग शिकावे का?

घाटरस्ता (प्रश्न)

नमस्कार. वडिलांनी वापरलेली महिंद्राची एमएम ५४० जीप आमच्या कोकणातील घरी बरीच वर्षे उघड्यावर उभी होती. प्यूजोचे डिझेल इंजिन अजून नीट चालते आणि गिअरबॉक्सचीही तक्रार नाही. मात्र खारी हवा आणि पावसाळ्यात रबरी मॅटखाली साचून राहणारे पाणी यांमुळे चालकाच्या पायाखालचा पत्रा इतका कुजला आहे की, स्क्रूड्रायव्हर टेकवला तरी तो आरपार जातो. त्याखालचे आडवे चॅनलही काही ठिकाणी गेले आहेत. शिवाय मागचा पाटा (पट्ट्यांची स्प्रिंग) जिथे टांगलेला असतो त्या हँगरजवळ चासीला, म्हणजे गाडीच्या मूळ सांगाड्याला, बारीक चीर दिसते.

एका गॅरेजमध्ये विचारले, तेव्हा कुजलेल्या पत्र्यावरच नवा पत्रा टाकून टाके मारू आणि वर लांबी (खड्डे बुजवायची पुट्टी) भरू, असे उत्तर मिळाले. ते पटले नाही, म्हणून हे काम स्वतःच शिकून करावे असे मनात आहे. घरी सिंगल फेज वीज आहे. रॉडचे इन्व्हर्टर वेल्डिंग मशीन घ्यावे की सीओटूचे (गॅसच्या आवरणात आपोआप पुढे सरकणाऱ्या तारेने जोड देणारे), सराव कशावर करावा आणि चासीच्या चिरेला मी हात लावावा की नाही, याबद्दल जाणकारांनी सांगावे.

ठिणगी

आपले काम मुख्यतः पातळ पत्र्याचे आहे, त्यामुळे माझे मत निःसंशय सीओटूच्या बाजूने आहे. १८ गेजचा पत्रा साधारण १.२ मिलिमीटर जाडीचा असतो, आणि त्याला रॉडने जोड देताना नवशिक्याच्या हातून भोक पडते, मग ते बुजवताना आणखी मोठे भोक पडते. ०.८ मिलिमीटरची तार वापरणारे, सिंगल फेजवर चालणारे लहान मशीन आपल्याला पुरेसे आहे. नुसत्या कार्बन डायऑक्साइडपेक्षा आर्गॉनचे मिश्रण असलेला गॅस पातळ पत्र्यावर अधिक शांत चालतो आणि शिंतोडेही कमी उडतात.

दोन गोष्टी विक्रेते सहसा सांगत नाहीत. गॅसविना चालणारी, आत पूड भरलेली पोकळ तार लावल्यास होल्डर (जिच्यातून तार बाहेर येते ती मूठ) आणि अर्थिंगच्या तारा मशीनवर उलट जोडाव्या लागतात, कारण त्या तारेला होल्डर ऋण टोकावर हवा असतो. ते न केल्यास शिंतोड्यांचा सडा पडतो आणि माणूस मशीनला दोष देत बसतो. दुसरे म्हणजे, उकाड्यामुळे शेजारी पंखा लावला की त्याचा वारा गॅसचे आवरण उडवून लावतो आणि जोडात मधाच्या पोळ्यासारखी छिद्रे पडतात. पंखा बंद ठेवावा, घाम पुसावा.

पत्राकाम

वरील मताशी मी अर्धाच सहमत आहे. पत्र्यासाठी सीओटू योग्य, हे खरे. परंतु हात तयार होण्यासाठी रॉडचे मशीन आधी हाताळलेले बरे. सीओटूचा जोड वरून देखणा दिसतो आणि आतून चिकटलेलाच नसतो, हा धोका नवशिक्याच्या लक्षात येत नाही. रॉडमध्ये वितळलेल्या धातूचे डबके डोळ्यांनी पाहायची सवय लागते, आणि वेल्डिंग म्हणजे मूलतः त्या डबक्यावर ताबा ठेवणे होय. ओळखीच्या फॅब्रिकेशनवाल्याकडे काही दिवस बसता आले तर उत्तम. आयटीआयचा वेल्डरचा अभ्यासक्रम एक वर्षाचा आहे, तेव्हा आठवडाभरात सगळे येईल अशी अपेक्षा ठेवू नये.

सरावासाठी गाडीच्याच जाडीचा पत्रा भंगारातून आणावा, मात्र जस्ताचा थर असलेला नको. त्याचा धूर श्वासात गेल्यास संध्याकाळी थंडी वाजून ताप येतो. दोन तुकडे जोडून एक व्हाइसमध्ये पकडावा आणि दुसऱ्यावर हातोडा मारून दुमडावा. जोड तसाच राहून शेजारचा पत्रा फाटला तर जोड खरा. जोडच सोलून निघाला तर करंट किंवा वेग चुकला आहे.

पातळ पत्र्यावर सलग रेघ ओढूच नये. एक टाका इथे, पुढचा वीतभर दूर, मग मागे येऊन मधला, असे थंड होऊ देत पुढे जावे, नाहीतर पत्रा तापून लाटांसारखा फुगतो आणि मग लांबीचा थर वाढवण्याखेरीज मार्ग उरत नाही. पत्रा चॅनलला जोडताना वरच्या पत्र्याला ६ ते ८ मिलिमीटरची भोके पाडून ती वितळलेल्या धातूने भरावीत. कारखान्यातील स्पॉट वेल्डिंगची जागा हीच पद्धत घेते. आणि कापताना एकदम दोन्ही बाजू कापू नयेत. टप (जीपची पत्र्याची बॉडी) चासीला बोल्टांनी बांधलेलाच ठेवून एक बाजू पूर्ण करावी, नाहीतर नट-बोल्टांची भोके पुन्हा जुळत नाहीत.

घाटरस्ता

दोघांचेही आभार. रॉडवर हात बसवून मग पत्र्यासाठी सीओटू, असे ठरवतो. चासीबद्दल कुणी सांगू शकेल का?

जुनी चासी

चासीचे काम आपण करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे, आणि त्याचे कारण भीती नव्हे. फ्लोअरचा जोड सुटला तर पत्रा खडखडतो; पाट्याच्या हँगरचा जोड सुटला तर घाटात मागचा अॅक्सल जागचा हलतो. चीर नुसती वरून भरल्याने ती शेजारून पुन्हा पुढे सरकते. तिच्या टोकाशी लहान भोक पाडून ती थांबवावी लागते, चिरेवर व्ही आकाराची खाच काढावी लागते आणि मग ७०१८ जातीच्या (कमी हायड्रोजनच्या) रॉडने ती भरावी लागते. हा रॉड ओलावा धरतो आणि कोकणातल्या दमट हवेत भट्टीत तापवल्याशिवाय वापरता येत नाही, म्हणून ज्याच्याकडे तशी सोय आहे असाच कारागीर शोधावा. वर आधारपट्टी घातल्यास तिची टोके तिरकी कापलेली असावीत. सरळ उभ्या कडेपाशी सगळा ताण एकवटतो आणि नवी चीर तिथूनच सुरू होते.

आधी चीर का पडली तेही पाहा. मोडलेला पाटा, तो अॅक्सलला बांधणारा सैल यू-बोल्ट किंवा पाट्याच्या टोकाच्या सांध्यातील घट्ट झालेले शॅकल बुश तसेच राहिले तर सर्वोत्तम जोडही टिकणार नाही. आणि चासी क्रमांक ठोकलेल्या भागाजवळ ग्राइंडर कुणालाही फिरवू देऊ नका. नोंदणीच्या नूतनीकरणाला आरटीओमध्ये तोच तपासला जातो.

फ्लोअरचे काम सुरू करण्यापूर्वी बॅटरीच्या दोन्ही तारा काढा, डिझेलची टाकी गाडीवरून उतरवून दूर ठेवा (रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा अधिक घातक असते) आणि अर्थिंगचा चिमटा जोडाच्या अगदी जवळ, खरवडून चकचकीत केलेल्या धातूवर लावा. तो दूर चाकाजवळ लावला तर करंट बेअरिंगांमधून वाट काढतो. १० नंबरच्या काचेचे हेल्मेट, सुती कपडे, बादलीभर वाळू. काम संपल्यावर अर्धा तास गाडीपासून हलू नका, कारण फ्लोअरखाली लावलेले डांबर आतल्या आत धुमसत राहते.