दहावा, सावडणं, चर्चमधली मिसा, पुण्यानुमोदन : तुम्हाला कशाने सावरलं?

आई गेली त्याला सात महिने झाले. देवाधर्माचं मी फारसं काही करत नाही, तरी या वेळी सगळं केलं, कारण मामा एवढंच म्हणाला, "करून टाक." तिसऱ्या दिवशी सावडायला गेलो. राख अजून कोमट होती. अस्थी वेचताना हाताला धातूचा तुकडा लागला, तिच्या बदललेल्या गुडघ्यातला. तोवर घरात भांडं वाजलं की वाटायचं, आई आत आहे. त्या दिवसानंतर नाही वाटलं.

पोथीत काय लिहिलंय यावर वाद नको, तो इतरत्र भरपूर होतो. तुमच्या घरी कशाने दुःख हलकं झालं, कशाने उलट बोचलं, ते लिहा. धर्म-पंथ कुठलाही चालेल. नावं नकोत.

नाशिकहून

आमचं घर पंचवटीत, रामकुंडाजवळच. दुसऱ्यांचे दहावे बघतच मोठा झालो. तिथल्या कावळ्यांची पोटं कायम भरलेली, हे आमच्या गल्लीतल्या पोरांनाही ठाऊक!

आजोबांच्या, म्हणजे अण्णांच्या दहाव्याला पिंड ठेवले आणि सगळे मागे सरलो. पाऊण तास झाला तरी कावळा शिवेना. मग सुरू झालं. "अण्णा, धाकटीच्या शिक्षणाचं आम्ही बघू." "अण्णा, आईला अंतर देणार नाही." माझे दोन चुलते शेताच्या बांधावरून नऊ वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते. थोरले पुढे झाले, हात जोडले आणि म्हणाले, "अण्णा, बांध तुम्ही घातला तिथेच राहील." धाकट्यांनी मान वर केली नाही.

आणि एवढं होऊनही कावळा आलाच नाही. शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला. अण्णांचा जीव कशात अडकला म्हणून आत्या दिवसभर रडत होती. पण चाळीस माणसांदेखत दिलेला शब्द, तो मागे घेता येईना. बांध आजही तिथेच आहे. चुलते गळ्यात गळे घालतात असं नाही, पण एकमेकांच्या घरच्या लग्नाला जातात.

गिरगावातून

सुतकात आमच्याकडे चूल पेटली नाही. पहिल्या दिवशी समोरच्या काकूंनी पिठलं-भात आणला. नंतर मजल्यावरच्या बायकांनी वार वाटून घेतले असावेत, कारण एका वेळी दोन डबे कधी आले नाहीत. भूक कुणालाच नव्हती. पण डबा परत द्यायचा तर रिकामा करावा लागतो, म्हणून जेवलो.

शिरोळ तालुक्यातून

वरचं सगळं वाचलं. पण विधी कुणाच्या अंगावर होतो, तेही बघा.

वडील गेले तेव्हा आई 38 वर्षांची होती. बायकांनी तिला धरून बांगड्या फोडल्या, एक काच मनगटात रुतली. त्या दिवशीचा वडिलांचा चेहरा मला आठवत नाही, ते मनगट आठवतं. 2022च्या मे महिन्यात आमच्याच तालुक्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र तोडणं, जोडवी काढणं बंद करायचा ठराव केला. त्याच महिन्यात सरकारनेही परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींना तसंच करायला सांगितलं. कागद झाला म्हणून माणसं बदलतात थोडीच. मागल्या वर्षी सासरे गेले, तेव्हा एक म्हातारी पुढे सरसावलीच. मी सासूबाईंचे दोन्ही हात माझ्या हातात घट्ट धरून बसले. उठलेच नाही. म्हातारी पुटपुटत निघून गेली.

रक्षाविसर्जन मात्र केलं. रक्षा नदीत न सोडता मळ्यात खड्डा काढून त्यात घातली, वर आंबा लावला. सासूबाई रोज सकाळी पाणी घालायला जातात आणि तिथे उभ्या राहून सासऱ्यांशी जुनी भांडणंही काढतात.

(धागा काढणारा : शिरोळच्या ताई, शीर्षकात मी नुसतं 'सावरलं' लिहून बसलो. चूक कबूल.)

ठाण्याहून

एप्रिल 2021. बाबांना दवाखान्यातूनच नेलं. वीस माणसांची मुभा होती, पण घरात आम्ही तिघेही पॉझिटिव्ह, त्यामुळे आमच्यातलं कुणीच नाही. व्हिडिओ कॉलवर पाहिलं, तेही अडकत अडकत. खांदा नाही, पाणी नाही, भेटायला माणूस नाही. आई रोज सकाळी दोन कप चहा टाकत राहिली.

वर्षश्राद्धाला आम्ही हट्टाने सगळ्यांना बोलावलं. एकेक जण येऊन आईजवळ बसला तशी ती मोठ्याने रडायला लागली. "वर्षानंतर आता कसलं रडणं?" कुणीतरी स्वयंपाकघरात म्हणालं. तिचा तो पहिला दिवस होता हो.

वसईहून

2 नोव्हेंबरला, मृतांच्या स्मरणदिनी, आम्ही कबरी धुतो, फुलं मांडतो, संध्याकाळी मेणबत्त्या लावतो. पोरंही बरोबर असतात, वितळलेल्या मेणाचे गोळे करत बसतात. माझ्या मुलीने आजोबांना पाहिलेलं नाही. त्यांची कबर तिला अंधारातही सापडते.

नागपूरहून

आमच्याकडे पुण्यानुमोदनाला त्रिशरण-पंचशील झालं की लोक उठून बोलतात. बाबा घरी कधी गुणगुणलेसुद्धा नाहीत. त्यांच्यासोबतच्या एका काकांनी सांगितलं, रात्रपाळीला ते खड्या आवाजात भीमगीतं म्हणायचे. आईलाही हे नवीन होतं. ती त्या काकांकडे जरा रागानेच बघत राहिली.

पुण्यातून

माझ्या सासऱ्यांनी देहदान केलं. वैद्यकीय महाविद्यालयात कागदांवर सह्या झाल्या आणि दुपारच्या आत आम्ही घरी. अग्नी नाही, अस्थी नाहीत. दहावा-तेरावा नको, हेही त्यांनीच लिहून ठेवलेलं. अभिमान वाटतो, अगदी मनापासून. पण दुसऱ्या दिवशी उठल्यावर काय करायचं, हेच नवऱ्याला कळेना. त्याने त्यांची जुनी सायकल सुटी केली, भाग न् भाग पुसला, तेल घातलं, परत जोडली. तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच. असं आठवडाभर चाललं. मी मध्ये पडले नाही, फक्त चिंध्या पुरवल्या.

आता ती सायकल धाकटा चालवतो. ब्रेक जरा जास्तच घट्ट झालेत, अशी त्याची तक्रार आहे.