मदत हवी आहे : मालिकेच्या संगीताचा करार, सही करावी का?

मंडळी, भाचा अमळनेरला असतो, अहिराणी गाण्यांना चाली लावतो. रेकॉर्डिंग घरातच. पंखा बंद, खिडकीला गोधडी, तरी शेजारच्या पिठाच्या गिरणीचा आवाज येतोच! आता त्याला मुंबईहून एका मालिकेचं शीर्षकगीत आणि पार्श्वसंगीत मिळतंय. करारात मात्र लिहिलंय, एकरकमी पैसे, पुढे रॉयल्टी नाही. २०१२ च्या कॉपीराइट दुरुस्तीनंतर संगीतकाराला हा हक्क निर्मात्याला असा लिहून देता येत नाही, एवढं मला माहीत आहे. पण पोरगं म्हणतं, "मामा, भांडलो तर कामच जाईल." आयपीआरएसचं, म्हणजे गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करून देणाऱ्या संस्थेचं, सदस्यत्व सहीआधी घ्यावं की नंतर? पार्श्वसंगीताची क्यू शीट, म्हणजे कुठलं संगीत कुठे, किती वेळ वाजलं याची यादी, कोण भरतं? जळगाव-धुळ्याकडचं कोणी या वाटेनं गेलंय का? सही सोमवारी आहे.