जुन्या संगणकावर विंडोज एक्सपी पुन्हा टाकताना डिस्कची चूक येते: फॉरमॅट करावे की आधी डिस्क वाचवावी?

प्रेसवाला, महाल

नमस्कार. नागपुरातील महाल भागात आमची छोटी छपाईची प्रेस आहे. वडिलांनी २००४ मध्ये घेतलेला पेन्टियम ४ संगणक आम्ही आजही वापरतो, कारण आमचे मराठी अक्षरजुळणीचे सॉफ्टवेअर पॅरलल पोर्टला (प्रिंटरच्या जुन्या जोडणीला) लावायच्या डाँगलशिवाय, म्हणजे परवाना दाखवणाऱ्या छोट्या उपकरणाशिवाय, उघडत नाही आणि तो डाँगल आमच्याकडे विंडोज एक्सपीवरच चालतो. युनिकोडच्या आधीच्या फॉन्टमध्ये जुळवलेल्या लग्नपत्रिका, स्मरणिका आणि दसऱ्याला दीक्षाभूमीवर विकल्या जाणाऱ्या पुस्तिका याच संगणकात आहेत. त्या फाइली दुसरीकडे उघडल्या तर मराठीऐवजी इंग्रजी अक्षरांचा काला दिसतो.

गेल्या आठवड्यात विंडोज सुरू होईना, म्हणून मी मूळ सीडीवरून एक्सपी पुन्हा टाकायला घेतले. फाइल कॉपी होताना ‘सेटअपला ही फाइल कॉपी करता येत नाही’ असा संदेश आला. पुन्हा प्रयत्न केला, तर थोडे पुढे जाऊन वेगळ्याच फाइलवर थांबले. सीडीवरच्या रिकव्हरी कन्सोल या दुरुस्तीच्या पडद्यात जाऊन चेकडिस्क हे डिस्क तपासणारे साधन चालवले, तेव्हा या विभागात दुरुस्त न होणाऱ्या अडचणी आहेत, असे उत्तर मिळाले. डिस्क ८० जीबीची, आयडीई प्रकारची (जुन्या रुंद केबलची) आहे आणि तिचे सी व डी असे दोन भाग आहेत. कामाच्या सगळ्या फाइली डीमध्ये आहेत. बर्डीतील एका दुरुस्तीवाल्यांनी ‘सीला फॉरमॅट मारून विंडोज टाकून देतो, डीला काही होत नाही’ असे सांगितले. त्यांचे ऐकावे का?

जुने हार्डवेअर

भाऊ, संगणक आत्ताच बंद करा आणि फॉरमॅटला स्पष्ट नकार द्या. सी आणि डी हे आपण कल्पिलेले भाग आहेत, चकत्या मात्र त्याच आणि त्यांवरून फिरणारे वाचनशीर्षही तेच. शीर्ष किंवा चकतीचा पृष्ठभाग खराब होत असेल, तर सीवर घातलेला प्रत्येक तास डीच्या आयुष्यातून वजा होतो.

चेकडिस्कविषयी एक गैरसमज फार पसरलेला आहे. त्याचे काम फाइलप्रणालीची रचना सुसंगत करणे हे आहे, तुमचा मजकूर वाचवणे हे नाही. एखाद्या फाइलची नोंद बिघडलेली दिसली, तर ते ती नोंद कापून टाकते आणि उरलेले तुकडे ‘फाउंड’ नावाच्या फोल्डरमध्ये टाकते. ‘/आर’ जोडून चालवले, की डिस्कचा पृष्ठभागही वाचत सुटते आणि मरणपंथाला लागलेल्या डिस्ककडून तासन्‌तास श्रम करून घेते. म्हणून चेकडिस्क चालवायचेच असेल, तर ते नकलेवर चालवावे, मूळ डिस्कवर कधीही नाही.

ही डिस्क काढून लिनक्स असलेल्या दुसऱ्या संगणकाला जोडा. विंडोजच्या संगणकाला जोडू नका, कारण डिस्कवर ‘अस्वच्छ’ अशी खूण असेल तर विंडोज सुरू होतानाच स्वतःहून चेकडिस्क चालवू लागते. लिनक्सवरही तिचे भाग उघडू नका, फक्त जोडून ठेवा. मग डीडीरेस्क्यू या साधनाने संपूर्ण डिस्कची सेक्टरनिहाय (डिस्कवरचा एकेक छोटा कप्पा घेऊन) नक्कल दुसऱ्या डिस्कवर घ्या. पहिली फेरी ‘-एन’ या पर्यायाने चालवा, म्हणजे सहज वाचता येणारा भाग आधी हाती येतो आणि अवघड जागा नंतरसाठी राहतात. दुसऱ्या फेरीत ‘-डी -आर३’ देऊन त्या जागांवर तीनदा प्रयत्न करा. दोन्ही फेऱ्यांत नकाशाची फाइल (कोणती जागा वाचली, कोणती नाही याची नोंद) तीच द्या आणि ती पेनड्राइव्हवर ठेवा. मधेच वीज गेली, तर काम त्याच जागेपासून पुढे सुरू होते. स्रोत कोणता आणि लक्ष्य कोणते, हे डिस्कच्या अनुक्रमांकावरून दोनदा तपासा, कारण येथे उलटापालट झाली तर रिकामी डिस्क भरलेल्या डिस्कवर उतरते.

सध्या नवतपा चालू आहे. दुपारी ४५ अंशांच्या खोलीत ही डिस्क चालवू नका. हे काम रात्री करा आणि डिस्कवर साध्या पंख्याचा झोत राहू द्या. कूलरसमोर मात्र ठेवू नका, त्याची ओलसर हवा उघड्या सर्किटला चांगली नाही.

वर्धा रोड

वरील सल्ल्याशी मी पूर्ण सहमत आहे, परंतु प्रश्नातील एका वाक्याकडे लक्ष वेधू इच्छितो. सेटअप दर वेळी वेगळ्या फाइलवर थांबते, असे आपण लिहिले आहे. सीडीवर ओरखडा असता, तर ते बहुधा त्याच फाइलवर अडकले असते. जागा बदलत असेल, तर डिस्कइतकाच संशय रॅमवर घ्यावा लागतो, कारण सीडीवरून वाचलेली फाइल रॅममध्ये उलगडून मगच डिस्कवर लिहिली जाते. रॅममधील एक बिट चुकला, तरी सेटअप दोष फाइलला देते. रॅम तपासणारे मेमटेस्ट८६+ रात्रभर चालू द्या. त्यात एकही चूक दिसली, तर पट्ट्या एकेक काढून पुन्हा तपासा. रॅम सदोष असताना त्याच संगणकावर नक्कल घेतली, तर नक्कलही बिघडलेली निघेल आणि ते कळणारही नाही. दुसऱ्या संगणकावर नक्कल घ्या, या सल्ल्याचे मला हे दुसरे कारण वाटते.

केबलही पाहा. आयडीईची केबल ८० तारांची असावी. तिचे निळे टोक मदरबोर्डला, काळे टोक मास्टर (पहिल्या) डिस्कला आणि मधले करडे टोक स्लेव्हला (दुसऱ्या डिस्कला) लावतात. डिस्क स्वतःच्या प्रकृतीविषयी ठेवते त्या स्मार्ट नोंदींमध्ये १९९ क्रमांकाचा आकडा वाढत असेल, तर दोष केबलचा किंवा जोडणीचा असतो. १९७ क्रमांक म्हणजे वाचता न आलेले, निर्णयाच्या प्रतीक्षेत असलेले सेक्टर आणि ५ क्रमांक म्हणजे राखीव जागेत हलवलेले सेक्टर. हे दोन आकडे चढत असतील, तर दोष डिस्कचाच समजावा.

त्या काळातील अनेक मदरबोर्डांवरचे कपॅसिटर फुगून निकामी झालेले आहेत, तेव्हा झाकण उघडल्यावर त्यांच्या माथ्यांवरही नजर टाका. एसएमपीएसची (वीजपुरवठ्याच्या डब्याची) १२ व्होल्टची तार मल्टिमीटरने मोजा, ११.४ च्या खाली असेल तर पुरवठा बदला.

प्रेसवाला, महाल

दोघांचेही मनापासून आभार. मेमटेस्टमध्ये दोनपैकी एका पट्टीत चुका सापडल्या. ती काढली, दुसरी निर्दोष आहे. परंतु डिस्कही ठीक नाही, १९७ क्रमांकाचा आकडा ५६ आहे. १९९ शून्य आहे, म्हणजे केबल बरी दिसते.

नक्कल भाच्याच्या लिनक्स संगणकावर दोन रात्रींत घेतली. पहिल्या फेरीत जवळजवळ सगळे आले, दुसरी फेरी मात्र काही ठिकाणी तासभर अडून बसली. अखेर ३० केबीपेक्षा कमी भाग वाचता आला नाही. नक्कल ३२० जीबीच्या साटा (आयडीईनंतर आलेल्या जोडणीच्या) डिस्कवर घेतली आहे आणि माझ्या मदरबोर्डवर साटाची दोन पोर्ट आहेत.

आता दोन शंका आहेत. वाचता न आलेला भाग नेमक्या कोणत्या फाइलींचा, हे कसे कळेल? आणि माझी सीडी २००१ सालची, सर्व्हिस पॅक (मायक्रोसॉफ्टने नंतर दिलेला सुधारणांचा संच) नसलेली आहे, तर ती एवढ्या मोठ्या डिस्कवर चालेल का?

जुने हार्डवेअर

पहिल्या शंकेचे उत्तर डीडीरेस्क्यूमध्येच आहे. त्यात ‘फिल मोड’ नावाची सोय आहे. तिच्यात नकाशातील ‘-’ ही खूण दिली, की न वाचलेल्या प्रत्येक जागी नकलेवर आपण ठरवलेला एखादा शब्द लिहिला जातो. तो शब्द असा निवडा की तुमच्या फाइलींत एरवी येणारच नाही. त्यानंतर नकलेचे भाग केवळ वाचनासाठी उघडून सगळ्या फाइलींत तो शब्द शोधा. ज्या फाइलींत सापडेल, त्याच बाधित. बाकीच्या हजारो फाइली उघडून पाहण्याचे कष्ट वाचतात. हे झाल्यावरच नकलेवर चेकडिस्क चालवा.

दुसरी शंका रास्त आहे. सर्व्हिस पॅक १ पूर्वीचे एक्सपी २८ बिटांचा पत्ता वापरते, त्यामुळे त्याला सुमारे १३७ जीबीच्या पुढची जागा दिसत नाही. तुमचे जुने दोन्ही भाग पहिल्या ८० जीबीतच आहेत. उरलेली जागा तशीच मोकळी सोडा आणि तेथे नवा भाग करू नका. बायॉसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणाऱ्या मांडणीत) साटा ‘आयडीई’ किंवा ‘कम्पॅटिबल’ अशा स्थितीत ठेवा. बोर्डावर एएचसीआयची (साटा चालवण्याच्या नव्या पद्धतीची) सोय असून ती चालू राहिली, तर ड्रायव्हरअभावी ७बी या क्रमांकाचा निळा पडदा येतो.

सीडीवरून सुरू केल्यावर पहिल्या पडद्यावरील ‘आर’ दाबू नका, तो रिकव्हरी कन्सोलचा आहे. एंटर दाबा, एफ८ ने करार मान्य करा आणि जुने विंडोज सापडल्याचे दिसले की तेव्हाचा ‘आर’ दाबा. या मार्गाने विंडोजच्या फाइली नव्याने बसतात, तुमचे सॉफ्टवेअर आणि डाँगलचा ड्रायव्हर सहसा जागेवर राहतात. जुन्या डिस्कचे पूर्ण फॉरमॅट करून ती सुधारेल, अशी आशा मात्र धरू नका. एक्सपीचे पूर्ण फॉरमॅट पृष्ठभाग वाचून खराब जागा टाळते, त्या जागांवर काही लिहीत नाही. प्रतीक्षेतील सेक्टरचा निकाल तर त्यावर काही लिहिल्यावरच लागतो.

पुढे हा संगणक इंटरनेटला जोडू नका. ८ एप्रिल २०१४ पासून एक्सपीला मायक्रोसॉफ्टचा आधार नाही आणि प्रेसच्या कामाला इंटरनेटची गरजही दिसत नाही.

प्रेसवाला, महाल

कळवण्यास आनंद होतो की काम झाले. शोधशब्द एकूण चार फाइलींत सापडला. त्यांपैकी तीन फाइली विंडोजच्या होत्या आणि दुरुस्तीत बदलल्या गेल्या. चौथी २००९ च्या एका पुस्तिकेची आहे, ती उघडत नाही. तिची छापील प्रत कपाटात मिळाली, म्हणून तेवढी सोळा पाने मी पुन्हा जुळवायला घेतली आहेत. डाँगल पहिल्याच प्रयत्नात ओळखला गेला. जुन्या डिस्कवर तारीख आणि ‘वापरू नये’ असे लिहून ती वेगळी ठेवली आहे आणि नकलेची आणखी एक प्रत भाच्याच्या घरी आहे.