पेनड्राइव्हवर नेताना फोटोंची लेबले गळतात

प्रश्न (राजापूर): कातळशिल्पांच्या फोटोंना सेटफॅटरने (फायलीला लेबल जोडणारी लिनक्सची आज्ञा) 'यूजर.गाव' हे लेबल लावले आहे: बारसू, उक्षी, देवाचे गोठणे. डिस्क ईएक्सटी४ (लिनक्सची फाइल-सिस्टिम, म्हणजे डिस्कवर फायली ठेवायची पद्धत). 'सीपी -ए' ने (सगळे गुणधर्म जपून कॉपी करणारी आज्ञा) पेनड्राइव्हवर कॉपी होते, एरर नाही, पण गेटफॅटर (लेबले वाचणारी आज्ञा) तिथे काहीच दाखवत नाही. माउंटचा (पेनड्राइव्ह सिस्टिमला जोडतानाचा) पर्याय चुकतोय का?

उत्तर (देवगड): नाही. फाइंडएमएनटी ही आज्ञा चालवून एफएसटाइप (फाइल-सिस्टिमचा प्रकार) बघा, बहुतेक एक्सफॅट निघेल. लिनक्सवर एक्सफॅटमध्ये ही ॲट्रिब्यूट (म्हणजे तुमची लेबले) ठेवायची सोयच नाही. 'सीपी -ए' ती गळाली तरी गप्प राहते, खरा धोका तोच. 'सीपी --प्रिझर्व्ह=एक्सॲटर' द्या, 'ऑपरेशन नॉट सपोर्टेड' लगेच दिसेल. पेनड्राइव्ह फॉरमॅट करायचा नसेल तर 'टार --एक्सॲटर्स' ने सगळ्या फायलींचा लेबलांसकट एकाच फायलीत गठ्ठा बांधा. उलगडतानाही तोच पर्याय द्या, आणि ईएक्सटी४वरच उलगडा.

उत्तर (मालवण): आरसिंक (कॉपीचे दुसरे साधन) वापरत असाल तर मोठ्या लिपीतला एक्स वेगळा द्यावा लागतो, '-ए' मध्ये तो येत नाही. शिवाय लेबलात लांब वर्णन कोंबू नका. ईएक्सटी४वर एका फायलीची सगळी ॲट्रिब्यूट मिळून साधारण एका ब्लॉकात (डिस्कवरील जागेच्या एका तुकड्यात), म्हणजे बहुधा ४०९६ बाइटांत मावावी लागतात. यूटीएफ-८मध्ये (अक्षरे साठवायची नेहमीची पद्धत) देवनागरीचे अक्षर ३ बाइट घेते, मात्रेचे ३ वेगळे. मर्यादा ओलांडली की डिस्क रिकामी असूनही 'नो स्पेस लेफ्ट' येते.